बिनपडद्याचा बास

घरात बास गिटार आहे हे बोईसरमध्ये लोकांना सांगणं एक वेळ सोपं आहे. तिला पडदे का नाहीत हे सांगणं म्हणजे नुसता डोक्याला ताप. सतारीला पडदे असतात तशा साध्या गिटारीच्या मानेवरही धातूच्या पट्ट्या असतात. बोट पट्टीच्या मागे कुठेही टेकवा, सूर आपला जागेवर येतो. माझ्या बासला त्या पट्ट्याच नाहीत. नुसतं गुळगुळीत काळं लाकूड आणि वर चार जाड तारा. बोट तांदळाच्या दाण्याएवढं सरकलं की सूर गेला. हे मी शेजाऱ्यांना सांगितलं, वॉचमनला सांगितलं, मेव्हण्याला तर तीनदा सांगितलं. मेव्हणा सुतारकाम करतो. दाजी, एका दुपारचं काम आहे, पितळी पट्ट्या बसवून देतो, असं त्याचं दर वेळचं म्हणणं. चौथ्या खेपेला तो हातोडी घेऊन आला तेव्हा मी बास उचलून कपाटावर ठेवला.

वसईतल्या एका माणसानं लग्नाच्या बँडमध्ये वाजवणं सोडलं, त्याच्याकडून मी तो घेतला. देताना तो फार खूश दिसत होता. का, ते मला नंतर कळलं. याचं पोट पोकळ आहे, म्हणजे वीज नसतानाही वाजायला हवा. वाजतोही, पण घरातला पंखा लावला की ऐकू येत नाही. स्पीकरला जोडावा तर मध्येच घूंऽऽ करून स्वतःच रडायला लागतो. वायर चुकून खोचलेली राहिली की आतली चौकोनी बॅटरी सकाळपर्यंत संपते. ती बॅटरी बोईसरच्या दुकानात कधी असते, कधी नसते, मग पालघरला जा. त्यात आमची खारी, दमट हवा. आज सरळ असलेली मान महिन्याभरात वाकते. मी कारखान्यातून ओलावा शोषणाऱ्या पुड्या आणून बासच्या खोळीत टाकतो, सहा कोनांची ॲलन चावी घेऊन मान सरळ करतो आणि कशाला हे लचांड घेतलं म्हणून स्वतःला शिव्या घालतो.

तरी एक जागा अशी होती जिथे या बासचं काही तरी होत होतं. आमच्या कारखान्यात बॉयलरवर नवापूरचे एक बुवा आहेत, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे. त्यांच्या गावात दर गुरुवारी संध्याकाळी भजन असतं आणि पेटी तेच वाजवतात. एकदा मी बास घेऊन गेलो. मंडळी आधी हसली. गिटार अर्धवटच घेतली का, असंही एकानं विचारलं. पण पेटीच्या सुराखाली मी जाड तार धरून ठेवली तेव्हा सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बुवांनी डोळे मिटले आणि तोच अभंग परत पहिल्यापासून घेतला. त्या दिवसापासून दोन वर्षं माझी जागा ठरलेली होती, बुवांच्या शेजारी, पखवाजाच्या मागे. पन्नाशीला आल्यावर अशी जागा मिळत नाही. ती जाऊ नये एवढंच मला हवं होतं.

ती जायला लागली. आधी झांजवाल्यानं कपाळाला आठ्या घातल्या. मग कुणी तरी म्हणालं की आज गिटार सुराच्या जरा वर आहे. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. मी भडकलो. ज्यांच्या झांजा कधी लयीत येत नाहीत त्यांनी मला सूर शिकवावा?

माझ्या भडकण्याला कारण होतं. मी तारापूरच्या एका कारखान्यात बावीस वर्षं इन्स्ट्रुमेंटवाला आहे. प्रेशरचे गेज बरोबर दाखवतात की नाही ते तपासणं हे माझं काम. त्यासाठी आमच्याकडे एक मास्टर गेज असतो, बाकीचे सगळे त्याच्याशी ताडून बघायचे. मास्टरवर कुणी शंका घेत नाही. आणि कानठळ्या बसवणाऱ्या कंप्रेसर हाउसमध्ये माझा कान म्हणजे मास्टर गेज. बेअरिंग खराब व्हायला लागलं की मला बोलावतात. मी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवतो, मूठ उजव्या कानाला लावतो आणि सांगतो, अजून आठवडाभर चालेल, किंवा आत्ताच बंद करा. कानात घालायची रबरी बुचं गळ्यात दोरीला लटकत असतात. ती सेफ्टीचे साहेब आले की कानात जातात. बुचं घालून बेअरिंग कसं ऐकणार?

म्हणून दोष बासचाच, असं मी ठरवलं. तारा बदलल्या. मान पुन्हा सरळ केली. बासवर एक छोटा ट्यूनर आहे, सूर बरोबर लागला की त्याचा हिरवा दिवा लागतो. तो दिवा माझ्याशी सहमत होईना, तेव्हा तोच बिघडलाय असं मी जाहीर केलं. एका रविवारी ड्यूटी होती. मी बास कारखान्यात नेला आणि टेबलावरच्या कॅलिब्रेटरमधून, म्हणजे उपकरणं ताडायच्या यंत्रातून, मोजलेला सूर ट्यूनरला दिला. ट्यूनर अगदी बरोबर निघाला. यावर मी काय केलं असेल? कॅलिब्रेटर तपासायला बाहेर पाठवला. तोही बरोबर म्हणून परत आला. मग मी हवेला दोष दिला. एवढा मूर्खपणा मी नव्या माणसाचा ऐकून घेतला नसता.

शेवटी बुवांनीच मला कँटीनमध्ये गाठलं. त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "भाऊ, पेटी तुमच्या उजवीकडं असली का तुमी वर चढता. डावीकडं असली का बराबर येता. चार गुरुवार मी जागा बदलून बघितलं हाय."

मला आठवलं. बुवा कधी या बाजूला, कधी त्या बाजूला बसत होते आणि त्यांना वारा लागत असेल असं मी समजत होतो. मी त्यांना विचारलं की गेल्या महिन्यात दोन नंबरच्या कंप्रेसरचं बेअरिंग कुणी ओळखलं. त्यांनी मान हलवली.

"वळखलंत तुमीच. पण बासमदी काय खोट नाय, भाऊ. कान दाखवा."

दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी घरी फोनवर तानपुरा लावला, त्यांच्याच पट्टीत, काळी दोन. उजव्या कानात बोट घालून डाव्यानं ऐकला. मग डाव्यात बोट घालून उजव्यानं ऐकला. तानपुरा तोच, फोन तोच, आणि उजव्या कानातला सा थोडा चढा होता. मी बोटं बदलत राहिलो, दहा वेळा, वीस वेळा. दर वेळी तेच. माझ्या एका डोक्यात दोन सा होते आणि उजवीकडून पेटी आली की मी खोट्या साच्या मागे धावत होतो. पडदे असते तर हे कुणालाच कळलं नसतं. पट्टीनं सूर जागेवर आणला असता आणि मी सुखात राहिलो असतो.

बायकोनं मला असं कानात बोटं घालून बसलेलं बघितलं. मी सांगितलं. तिला नवल वाटलं नाही याचाच मला जास्त राग आला. जेवताना, टीव्हीसमोर, रस्त्यानं चालताना ती चार-पाच वर्षं माझ्या डाव्या बाजूलाच असते, हे तिनं मला तेव्हा सांगितलं. मग आधी का बोलली नाहीस, असं मी विचारलं.

"बोलले होते," ती म्हणाली. "उजवीकडून बोलले असेन."

दर वर्षी कारखान्याच्या गेटजवळ कानाच्या तपासणीची गाडी येते. आत काचेची छोटी खोली असते. कानांवर हेडफोन लावतात, बारीक सूर ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं. नापास झालात तर कंप्रेसर हाउसमधून काढून स्टोअरला टाकतात. म्हणून आमच्याकडे एक युक्ती चालते. सूर सोडताना बाहेर बसून तपासणाऱ्या बाईंचा हात हलतो आणि तो समोरच्या काचेत दिसतो. हात हलला की बटण दाबायचं, ऐकू येवो न येवो. नव्या माणसांना ही युक्ती मीच शिकवत आलोय. दर वर्षी मी चांगल्या मार्कांनी पास होतो आणि त्याचं कौतुकही करून घेतो.

या वर्षी माझ्या पुढचे तिघे हसत बाहेर आले. मी आत बसलो, हेडफोन लावला आणि डोळे मिटून घेतले. भीती वाटत होती. स्टोअरमध्ये जाऊन खोकी मोजायची आणि बेअरिंग दुसऱ्या कुणी तरी ऐकायचं, याची. पण खोट्या साच्या मागे आणखी एक गुरुवार धावायचं नव्हतं. आधी डावा कान. सूर येत गेले, मी बटण दाबत गेलो. मग हेडफोनमध्ये खट् झालं आणि उजव्याची पाळी आली.

मी वाट बघितली. काहीच येईना. बाई कागद भरत असतील असं वाटलं. मग त्यांना कुणी तरी बोलावलं असेल. मग मी नेहमीसारखा चिडलो, बाहेर एवढी रांग असताना या बाईंना घाई कशी नाही, आणि डोळे उघडले.

काचेत बाईंचा हात दिसत होता. बोट सूर सोडायच्या बटणावर दाबलेलंच होतं आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. मी माझ्या हातातलं बटण दाबलं नाही.