वेशीच्या कमानीला कोणीही हात लावलेला नाही

“एस.टी.च्या गाड्यांना अडथळा होऊ लागल्याने तत्कालीन नगरपालिकेने पूर्व वेशीची जुनी कमान उतरवून ती पूर्वीपेक्षा दोन हात उंच बांधली.” आमच्या गावाच्या स्मरणिकेत हे वाक्य छापले गेले आहे. ते माझे शेजारी, निवृत्त मुख्याध्यापक, यांनी लिहिले. आता तेच वाक्य संगमरवरावर कोरून वेशीला लावायचे ठरले आहे, आणि ते मी लावू देणार नाही. कागदावरची चूक वाळवी तरी खाते. दगडावरची चूक नातवंडे पाठ करतात. शिवाय या एका वाक्याने, ज्या पाथरवटांनी ती कमान चुन्याच्या एका थेंबाशिवाय, दगडाला दगड बसवून उभी केली, त्यांचे काम काढून घेऊन आमच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, हाती दिले आहे. न केलेल्या कामाचे श्रेय मला नको. केलेल्याचे मात्र हवे.

साठचे दशक संपत आले होते. गिरणेकाठच्या या तालुक्याच्या गावात मी नगरपालिकेचा ओव्हरसियर होतो. दिवाळीनंतर खेड्यापाड्यांतून कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघत आणि वेशीत अडकत. कमानीला कापूस घासून असा लोंबे, की वेशीला दाढी फुटल्यासारखे दिसे. गाडीवान खाली उतरून माल दाबत, मागचे शिव्या घालत, आणि तेवढ्यात धुळ्याकडे जाणारी लाल बस मागे येऊन भोंगा वाजवी. टपावर सामान असले की बस वेशीबाहेरच थांबे आणि उतारू गाठोडी डोक्यावर घेऊन गावात येत.

वेस जमिनीत बसत चालली आहे, यावर गावाचे एकमत होते. एका म्हाताऱ्या गाडीवानाने मला भर रस्त्यात अडवले.

“भाऊ, वेस खाले बसी गयी. मना बापनी गाडी बिनबोभाट जाये.”

“आबा, तुम्हीच माल जास्त भरत असाल.”

“मी जास्त भरस, आन् ती बस बी कापूस भरस का?”

नगराध्यक्षांनी यावर उपाय शोधला होता: कमान पाडायची. सभेपुढे ठराव जाण्यास आठ दिवस होते. मी वेशीला ओळंबा लावून पाहिला. दोन्ही खांब सरळ होते, कमानीत केसाएवढी भेग नव्हती. बसणारी इमारत इतक्या सभ्यपणे बसत नाही. म्हणून एका खांबाच्या पायथ्याशी मी खड्डा घेतला. मुरूम निघाला. त्याखाली मुरूम, त्याखालीही मुरूम, पोळ्यांच्या चवडीसारखा थरावर थर. कापसाच्या हंगामापूर्वी दर साली रस्त्यावर चार बोटे मुरूम टाकून तो दाबायचा, ही आमच्या नगरपालिकेची जुनी रीत. जुना थर खरवडायचा असतो, हे कोणाच्याही मनात आले नव्हते. वरचे सहा-सात थर तर माझ्याच देखरेखीखाली पडले होते, आणि प्रत्येक वर्षी चांगल्या रस्त्याबद्दल मी शाबासकीही घेतली होती.

दोन हात खोलीवर कुदळ खणकन वाजली. दरवाजाचा मूळ दगडी उंबरठा होता तो. त्यावर चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या होत्या.

मी नगराध्यक्षांकडे गेलो. “साहेब, वेस खाली गेलेली नाही. आपण वर आलो आहोत.”

“आणि आपल्याला वर कोणी आणलं?”

“मीच, साहेब.”

ते इतके हसले, की समोरचा चहा बशीत सांडला. ठराव मागे पडला. पाडण्याऐवजी खणायचे ठरले. रहदारी थांबू नये म्हणून आधी रस्त्याची डावी बाजू खणली, मग उजवी. खणण्यापूर्वी कमानीच्या दगडांची पाहणी करण्यासाठी बांबूंची परांची बांधून दोन गवंडी वर चढवले होते. मुख्याध्यापकांनी पाहिले ते हेच. शाळेत जाता जाता त्यांनी कमानीवर गवंडी पाहिले आणि महिन्याभराने कमानीखालून बस जाताना पाहिली. मधल्या महिन्यात काय झाले, हे त्यांनी घरी बसून ठरवले.

पहिली बस निघाली तेव्हा सारे गाव वेशीत जमले होते. ड्रायव्हर पुढे यायला तयार होईना. शेवटी कंडक्टर मागच्या शिडीवर चढला, टपावर आडवा झाला आणि ओरडला, “चला, दोन वीत जागा आहे! टोपी काढायचीही गरज नाही!” तो म्हातारा गाडीवान माझ्याकडे वळून म्हणाला, “भाऊ, आते सांग, वेस वर कशी उनी?” मी म्हणालो, “तुमच्या शिव्यांना घाबरून.” त्याने माझ्या पाठीवर अशी थाप मारली, की ती मला घरी जाईपर्यंत पुरली.

मागच्या आठवड्यात हे सगळे मी मुख्याध्यापकांना पुन्हा सांगितले.

“नाना,” ते म्हणाले, “तुमच्या उंबरठ्यावर आता डांबर आहे. पुरावा कुठे आहे?”

“गुरुजी, तुम्ही गवंड्यांच्या हातात छिन्नी पाहिली, की नुसते गवंडी पाहिले?”

“गवंडी वर चढला म्हणजे काहीतरी बांधणारच.”

“मग तुम्ही गच्चीवर पतंग बघायला चढता, तेव्हा मजला बांधता का?”

ते रागावले नाहीत. पण संगमरवरी फलकाचा मजकूरही बदलला नाही. म्हणून हे लिहून काढले. गावकऱ्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा, असा आग्रह नाही. मी पक्षकार आहे. त्यांनी रविवारी सकाळी वेशीला लागून असलेल्या केशकर्तनालयासमोर उभे राहावे. ते दुकान खोदकामाच्या दोन वर्षे आधी, तेव्हाच्या रस्त्याच्या अगदी पातळीत बांधले गेले. उद्घाटनाला मालकाने आपली सायकल न उचलता थेट आत नेली होती. दुकानाची जमीन आजही तीच, शहाबादी फरशीची आहे. मुख्याध्यापक तिथे दर रविवारी दाढीला जातात, आणि आत शिरण्यासाठी त्यांना गुडघ्यावर हात टेकून तीन पायऱ्या चढाव्या लागतात.