एक चोक, दोन दिवे

स्तामेन केहायोव्हला शिकवायच्या भानगडीत गावात कुणी पडत नसे. बेचाळीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात रिले, म्हणजे विजेवर आपोआप हलणारे स्विच, दुरुस्त केलेला माणूस. गाडी सोडायची की अडवायची, हे ज्या बोटभर पत्तीवर ठरतं ती पत्ती स्वच्छ ठेवणं हे त्याचं काम. तिथे त्याचा एकच नियम होता: रिलेचं झाकण उघडं ठेवायचं नाही. कॉफी प्यायला उठलात तरी आधी झाकण. नव्या पोरांना त्याने हे इतक्यांदा ऐकवलं की त्याच्या माघारी ती त्याला ‘झाकण’च म्हणायची.

आता वय एकाहत्तर. बायको दोना जाऊन तीन वर्षं झाली. घरात तो आणि सून झोर्नित्सा. मुलगा ओग्न्यान जर्मनीत ट्रक चालवतो आणि फोनवरून घर चालवतो. नोव्हेंबरात स्तामेन शेगडी तशीच पेटती ठेवून शेजारच्या मिंकोकडे पत्ते खेळायला गेला. भांडं जळलं, पडदा जळला, भिंत काळी झाली. तेव्हापासून ओग्न्यानचं पालुपद सुरू झालं, की ईस्टर झाला की बाबांना प्लोव्दिव शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवू. झोर्नित्सा ‘बघू’ म्हणत ते पुढे ढकलत होती.

मागच्या उन्हाळ्यात गारांनी मिरचीचं शेत झोडपून काढलं. दोनाच्या आईपासून घरात चालत आलेलं ते लांब, गोड मिरचीचं बी, ते फक्त मूठभर उरलं. फेब्रुवारीत झोर्नित्साने ते सगळंच्या सगळं तळघराच्या आतल्या खोलीत पेरलं आणि बाहेरच्या खोलीत टोमॅटो. दोन्ही खोल्यांत एकेक मोठा पिवळा दिवा, आणि प्रत्येक दिव्याला विटेएवढा जड चोक. रोपं जेमतेम उगवली आणि एक चोक जळाला. नवा यायला महिना लागेल असं दुकानदार म्हणाला.

“एका चोकवर दोन दिवे एका वेळी लागत नाहीत,” स्तामेन म्हणाला, “पण आळीपाळीने लागतील. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा टोमॅटो, मग रात्रभर मिरच्या. त्यांना कुठे घड्याळ कळतंय?”

ओग्न्यान फोनवर म्हणाला, कुणीतरी वायरमन बोलाव. झोर्नित्सा स्तामेनच्या देखतच म्हणाली, “वायरमन कशाला? दिवे बाबाच बसवतील.” ते वाक्य म्हातारा पुढे कित्येक दिवस मनात घोळवत होता.

खात्यातून निवृत्तीच्या वेळी आणलेले दोन जुने रिले त्याने पेटीतून काढले. एक चोकची वीज तोडायला, दुसरा ती ह्या दिव्यावरून त्या दिव्यावर न्यायला, आणि दोघांना सहाच्या ठोक्याला हलवायला एक घड्याळी स्विच. सगळं एका डब्यात. यात सगळी गंमत क्रमाची असते. आधी चोक बंद, मग दिवा बदलायचा, क्षणभर थांबायचं, मग वीज. उलटं झालं तर ठिणगी उडते आणि पत्त्या एकमेकींना कायमच्या चिकटतात. पेचकस आता तो दोन्ही हातांनी धरायचा. तीन दिवस लागले. वायरांची जुडी त्याने खात्यात बांधायचे तशी मेणाच्या दोऱ्याने बांधली, वीतभर अंतरावर एक गाठ: दोन वेढे आणि शेपूट खालून आत. अशी गाठ आता कुणी मारत नाही, प्लॅस्टिकच्या पट्ट्या आल्या.

दुसऱ्या रिलेचं काचेचं झाकण मात्र त्याच्या हातात तडकलं. त्याने दुसरं शोधलं, मिळालं नाही. तळघर तर आहे, कोण हात लावतंय, असं म्हणून त्याने ते तसंच सोडलं. पोरांना उभा जन्म दटावणारा हा माणूस.

“काय रे,” मिंको कुंपणावरून म्हणाला, “रात्रभर तळघरात उजेड. पोलीस येतील विचारायला, काय पिकवतोस म्हणून.”

“मिरच्या.”

“तेच सांग त्यांना. सगळे तेच सांगतात.”

रोज संध्याकाळी सहाला स्तामेन वर स्वयंपाकघरात बसून खालचा आवाज ऐकायचा. टक्, आणि मग टक्. गुडघ्यांना तळघराच्या पायऱ्या नको असायच्या, आणि रिलेवाल्याला कान पुरतात असं त्याचं म्हणणं होतं.

सात मार्चला दुपारी झोर्नित्सा आठवड्याचं पाणी घालायला खाली उतरली. “बाबा, जरा खाली या,” तिने हाक मारली. आवाज बरा नव्हता.

आतल्या खोलीतली रोपं फिकी, सुतासारखी लांब झाली होती आणि एकमेकांवर आडवी पडली होती. आठवडाभर त्यांनी उजेड पाहिला नव्हता. स्तामेनने रिलेंचा डबा उघडला. झाकण नसलेल्या रिलेच्या पत्तीला लाल-पांढऱ्या लोकरीची मार्तेनित्सा बांधली होती. पहिल्या मार्चला शुभ म्हणून माणसांच्या मनगटाला, करडांच्या गळ्यात, फळझाडांना बांधतात, तीच. पत्ती हलत होती, आवाजही करत होती. पण लोकर मध्ये आल्याने ती मिरच्यांच्या बाजूला टेकतच नव्हती.

“हे कुणी केलं?” तो म्हणाला. “इथे तुझ्याशिवाय उतरतं कोण?”

झोर्नित्साने गाठीकडे पाहिलं. “मीच बांधली, बाबा. म्हटलं, रोपांना बरं.”

“रिलेत लोकर? अक्कल काय गहाण ठेवली होतीस? दोनाच्या आईचं बी होतं ते.”

“चुकलं माझं.”

तो चिमटा घेऊन वाकला. ती मागून हळूच म्हणाली, “पहिला करकोचा दिसायच्या आधी मार्तेनित्सा काढू नये म्हणतात.”

“करकोच्याला माझं नाव सांग.”

मग त्याचा हात थांबला. दोन वेढे, आणि शेपूट खालून आत. शेजारच्या जुडीवर तशाच अकरा गाठी होत्या. झोर्नित्साला ही गाठ येत नाही. गावात कुणालाच येत नाही. पहिल्या मार्चची सकाळ त्याने आठवून पाहिली. दोना बांधायची म्हणून त्याने शेळीला मार्तेनित्सा बांधली होती, मग आलुबुखाराच्या झाडाला. त्यापुढे काहीच नव्हतं. त्याला भीती वाटली. शेगडीच्या वेळी लाज वाटली होती.

वर फोन वाजला. झोर्नित्सा गेली, आणि तिचा आवाज जिन्यावरून खाली आला. “हो, मिरच्या गेल्या. माझ्यामुळे. नको तिथे दोरा बांधला मी. बाबांचं काम चोख होतं.”

स्तामेन गप्प बसला असता तर हा विषय तिथेच मिटला असता. पायऱ्या चढायला त्याला बराच वेळ लागला. त्याने फोन तिच्या हातातून घेतला.

“ओग्न्यान, ही खोटं बोलते आहे. गाठ माझी आहे. आणि बांधल्याचं मला आठवत नाही.”

मग ओग्न्यान म्हणाला, “ईस्टरला येतो, बाबा. मग बोलू.”

झोर्नित्साने डोळे पुसले आणि ती त्याच्याकडे बघायचं टाळू लागली. “दाराजवळची चाळीसेक रोपं तगतील,” ती म्हणाली. “बियांपुरत्या मिरच्या होतील.”

“मग चल खाली. आधी काय तोडायचं, मग काय जोडायचं, सगळं सांगतो. मी विसरायच्या आत.”

त्याने तिच्याकडून क्रम चार वेळा वदवून घेतला. झाकण म्हणून तिने उघड्या रिलेवर ल्युतेनित्साची, मिरचीच्या चटणीची, धुतलेली काचेची बरणी पालथी घातली.

सहाला तो वर स्वयंपाकघरात होता, ती खाली. टक् झालं, मग पुन्हा टक् झालं. स्तामेन उठला, जिन्याच्या तोंडाशी गेला आणि कठड्याला धरून उभा राहिला.

“दिवा लागला का गं?” त्याने विचारलं.