प्रागच्या पायरीवर बुटांची हर्राशी

भोकरदनच्या बसस्टँडसमोर मी ही हकीकत सांगतो तेव्हा ऐकणारे त्यातलं निम्मं कापून घेतात. त्यांची सवय मला ठाऊक आहे, म्हणून मी आधीच दुप्पट सांगतो. लिहायचं म्हटल्यावर मात्र हात आखडता घेतलाय. इथे जे आहे ते बराबर वजनाचं आहे. फार तर काट्यावर बोट जरासं टेकलं असेल, तेवढं मोंढ्यातल्या माणसाला माफ असतं.

आयुष्यभर मी मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, हर्राशी पुकारली. मका, सोयाबीन, मिरची, ज्याचा ढीग पडेल त्याचा लिलाव. माझा आवाज असा, की मी भोकरदनला बोली पुकारली की पिंपळगाव रेणुकाईचे व्यापारी घरी जेवता जेवता बोट वर करायचे. असा माणूस काम सोडून मुलीकडे प्रागला गेला, आणि मुलीने त्याला काचेच्या बसमध्ये बसवून दिलं.

शहर दाखवणारी बस होती ती. कानात यंत्र, बाहेर राजवाडे, मनोरे, सोन्याची टोकं, आणि आत आम्ही म्हातारे, बाजाराला निघालेल्या शेळ्यांसारखे माना लांब करून बसलेले. मधेच उतरवायचे, तेही एका झेंडीवाल्या बाईच्या मागे मागे. मी एका गल्लीत जरा डोकावलो तर तिने मला दंडाला धरून परत रांगेत उभं केलं. एवढं मला शाळेतही कुणी धरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी मुलीला सांगून टाकलं, "माय, उद्यापासून मी पायी हिंडणार. एकटा."

"अण्णा, तुम्हाला रस्ते सापडायचे न्हाईत."

"जालन्याच्या गल्ल्या मी डोळे झाकून हिंडतो."

"जालन्यात तुम्हाला लोक घरी आणून सोडतात."

हे खरं होतं. मग ती म्हणाली, "एक दिवस देते. मी ऑफिसातून यायच्या आत तुम्ही घरी पाहिजे. आणि तुमच्यापायी मला एक जरी फोन आला, तुमचा असो न्हाईतर दुसऱ्या कुणाचा, तर मंग परत जाईपर्यंत रोज बस. बिलकुल वाद न्हाई."

सकाळी तिने माझ्या गळ्यात एक कार्ड अडकवलं. त्यावर तिचा नंबर. बालवाडीतल्या पोरासारखा मी घराबाहेर पडलो, पण पडलो तो एकटा.

पायात नवे काळे बूट होते. भोकरदनला माझ्या एका जुन्या दोस्ताचं चपलांचं दुकान आहे. त्याने निघताना ते मला घालून दिले, वर म्हणाला, "सुनो भाऊ, यूरोप घिस जाएगा, इसका तला नहीं घिसेगा." ती गॅरंटी मी तिथल्या फरशीवर तपासून पाहिली. प्रागचे जुने रस्ते म्हणजे हाताएवढ्या दगडांचे, एकेक दगड वेगळ्या स्वभावाचा. दुपारपर्यंत माझी तळपायांशी चांगली ओळख झाली. त्याआधी ते आहेत एवढंच माहीत होतं.

रस्ता चुकू नये म्हणून मी साधी युक्ती काढली. जाताना नदी उजव्या हाताला ठेवायची, येताना डाव्या. मधल्या सगळ्या गल्ल्या माझ्या. आणि काय गल्ल्या सांगू. काही इतक्या अरुंद, की समोरून एक जाडा माणूस आला तेव्हा दोघांपैकी कुणी श्वास सोडायचा हे आम्हाला खुणेनं ठरवावं लागलं. चौकात मोठं जुनं घड्याळ आहे. तास झाला की वरच्या खिडक्या उघडतात, बाहुल्या फिरतात, एक हाडाचा सापळा घंटा ओढतो. हजारभर माणसं तोंड वर करून उभी. खेळ संपला तर कुणाला वाटेना की संपलाय, सगळे तसेच उभे. पुढचा तास मी त्यांच्याकडे बघण्यात घालवला.

जुन्या पुलावर दोन्ही बाजूंना संतांचे पुतळे आहेत. एकाला हात जोडावे आणि दुसऱ्याला नाही, हे मला प्रशस्त वाटेना. मी या बाजूने सगळ्यांना नमस्कार करत गेलो आणि त्या बाजूने करत आलो. एक पोरगी चित्रं काढत बसली होती, तिलाही चुकून झाला. तिनेही केला.

पुलावरून उतरल्यावर एक चर्च दिसलं. दार उघडं, आतून पेटीसारखा पण शंभर पेट्यांइतका मोठा सूर येत होता. आता देवाच्या दारात पोचल्यावर आमच्या रेणुकाईदेवीच्या माणसाचे हात आपोआप कुठे जातात? खाली, पायांकडे. मी बूट काढले, पायरीच्या कडेला नीट जोडीने लावले, आणि मोज्यांवर आत गेलो. आत रंगीत काचांतून ऊन खाली सांडलं होतं. गार फरशी दमलेल्या तळव्यांना अशी लागली, की मी सगळ्यात मागच्या बाकावर बसलो आणि आमच्या रेणुकाईचा निरोप त्या देवाला पोचवला. माझ्या आत्तापर्यंतच्या सगळ्या दर्शनांमध्ये एवढं निवांत दर्शन झालं नव्हतं. मागून कुणी "चला पुढे" म्हटलंच नाही.

थोड्या वेळाने ध्यानात आलं की आजूबाजूची माणसंही मोज्यांवर आहेत. मला वाटलं, बघा, लोक उगाच म्हणतात यांना रीत नाही.

सूर थांबला, सगळे उठले, आणि मी त्यांच्याबरोबर बाहेर आलो तेव्हा प्रकार कळला. माझी एक जोडी पाहून मागून आलेल्या पूर्वेकडच्या कुठल्याशा देशातल्या म्हाताऱ्या बायकांच्या घोळक्याने आपापले बूट काढले. त्यांची ओळ पाहून पुढच्यांनी काढले. परक्या गावात नियम कुणी विचारत नाही, ओळ दिसली की ओळ लावतात. दारात पाय ठेवायला जागा उरली नाही. मग तिथला पहारेकरी, अगदी विजेच्या खांबाएवढा माणूस, त्याने वाट मोकळी करायला सगळे बूट उचलून एका हातगाडीत टाकले होते. मक्याच्या कणसांसारखा ढीग. आणि भोवती दोनशे तरी माणसं मोज्यांवर. त्या चपलांच्या दुकानवाल्या दोस्ताला मी पाचशे सांगितली.

काही जणांनी घाईघाईत हाताला येईल ते ओढलं आणि पळाले. बाकीचे एकमेकांच्या भाषेत एकमेकांना दोष देऊ लागले. पहारेकऱ्याने विचारलं असावं की हे सुरू कुणी केलं, कारण त्या म्हाताऱ्या बायकांनी एकदम माझ्याकडे बोटं केली. तो माझ्याकडे आला. त्याने माझ्या गळ्यातलं कार्ड वाचलं. आणि खिशातून फोन काढून मुलीचा नंबर दाबायला लागला.

माझ्या डोळ्यांसमोर ती काचेची बस उभी राहिली. झेंडीवाल्या बाईसकट.

मी त्याचा फोनवाला हात हळूच दाबून धरला. "साहेब, दम धरा. एवढ्यासाठी लेकराला कशाला तकलीफ. ढीग माझ्यावर सोडा."

त्याला मराठी येत नव्हती, पण ढिगाजवळ उभा राहिलेला माणूस धंद्याचा आहे का नाही हे कुठेही ओळखतात. मी हातगाडीशेजारच्या पायरीवर चढलो, एक बूट उंच धरला आणि मोंढ्यातला आवाज सोडला. "बोला! तपकिरी, बिनलेसचा, टाच झिजलेला, मालक कोण?" चौकातली कबुतरं उडाली ती, माझा अंदाज आहे, शेजारच्या देशात उतरली. मग मागून एक हात वर आला. "एक वार! जोडीचा दुसरा कुठाय? हा घ्या. दोन वार! तीन वार! गेला!" आणि बूट त्या हातात.

दुसऱ्या बुटापासून लोकांना लय सापडली. चौथ्यापासून ते माझ्याबरोबर "एक वार, दोन वार" म्हणू लागले. त्या म्हाताऱ्या बायका तर आपले बूट मिळाल्यावरही जाईनात, उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. पहारेकऱ्याने फोन खिशात घातला आणि मला एकेक बूट काढून देऊ लागला. असा हमाल मला मोंढ्यात मिळाला असता तर मी काम सोडलंच नसतं.

शेवटी गाडीत दोनच बूट उरले. डावा माझा, काळा. उजवा कुणाचा तरी, तपकिरी. माझा उजवा घालून कुणीतरी घाईत निघून गेला होता. तपकिरी जरा सैल होता, पण जात होता. आमच्याकडे देवळातून चप्पल गेली की साडेसाती गेली म्हणतात. मी हिशेब केला, एकच बूट गेलाय, म्हणजे अर्धी तरी गेली.

नदी डाव्या हाताला ठेवून मी निघालो. वाटेत लोक माझ्या पायांकडे बघत होते आणि मी त्यांच्या पायांकडे, माझा बूट दिसतो का म्हणून. घरी पोचलो, बूट दारात काढले, चहा टाकला, तेवढ्यात मुलगी आली. ती आत आलीच नाही. दारात उभी राहून खाली बघत होती.

"अण्णा, हे काय?"

"काय काय? वेळेत आलो का न्हाई?"

"आलात."

"फोन आला का कुणाचा?"

"न्हाई आला." ती अजून बुटांकडेच बघत होती. "पण हे..."

"मंग विषय संपला. चहा घे."

ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि पोटाला हात लावून हसली. हसणं आवरल्यावर म्हणाली, "जा उद्या बी. पण पायातलं काही काढू नका."

दुसऱ्या दिवशी तेच दोन रंगांचे बूट घालून मी सरळ त्या चर्चवर गेलो. हरवलेली चप्पल शोधायला माणूस त्याच पायरीवर येतो, ही रीत जगभर असणार, असा माझा अंदाज. पहारेकऱ्याने लांबूनच मला सलाम केला आणि दाराकडे बोट दाखवलं. तिथे कागदावर पायरीवर ठेवलेल्या बुटांचं चित्र हाताने काढून त्यावर लाल फुली मारली होती. युरोपात माझ्या नावावर एवढी एक पाटी आहे.

आणि पायरीवर माझ्याच वयाचा एक टकला गृहस्थ बसला होता. डाव्या पायात तपकिरी, उजव्या पायात काळा. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं, मी त्याच्या. शेजारी बसून आम्ही बूट बदलले. मग माझी नजर त्याच्या गळ्याकडे गेली. त्याच्याही गळ्यात कार्ड होतं, त्यावर एक नंबर. लांब कोपऱ्यावर एक झेंडी हलत होती आणि तो तिच्याकडे पाठ करून बसला होता.

मी समजलो. त्यानेही माझं कार्ड पाहिलं आणि तोही समजला. तो उठला, त्याने डावीकडच्या गल्लीकडे हात करून मला बरोबर येण्याची खूण केली. मी हात जोडले, मान हलवली आणि एक बोट वर केलं. एकटा.

तो खूश झाला. बहुतेक त्यालाही तेच पाहिजे होतं, नुसतं विचारायचं म्हणून विचारलं. तो डावीकडे गेला, मी उजवीकडे.