सरांनी सोडायला लावलेली नोकरी

इनास सर नसते तर मी पदवीधर झालो नसतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. वसईजवळच्या वटार गावातल्या आपल्या घराच्या ओट्यावर बसवून सरांनी मला रसायनशास्त्र शिकवलं आणि कॉलेजचा फॉर्मही त्यांनीच भरला. पाच आठवड्यांपूर्वी त्यांच्या मुलीचा, मेलिटाचा फोन आला, "बाबा गेले रे..." चर्चमध्ये महिन्याच्या मिस्सानंतर ती म्हणाली, "तू बोल ना दोन शब्द." मी मानेनेच नाही म्हटलं आणि मागच्या दाराने निघून आलो. ते दोन शब्द इथे लिहितो आहे.

बी.एस्सी. झाल्यावर नाशिककडच्या एका मद्य कारखान्यात मला शिकाऊ केमिस्ट म्हणून बोलावणं आलं होतं. पेढे घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी पेढ्याला हात लावला नाही. "दारूच्या धंद्यात जाऊ नकोस, सोड ती नोकरी," एवढंच म्हणाले. माझे बाबा दारूपायी गेले होते. सरांसमोर मी शपथ घेतली, कधी पिणार नाही. नोकरीही सोडली. पुढे रंगांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत लागलो, अजून तिथेच आहे.

यंदा ऑफिसच्या मंडळींनी टूम काढली. सातिवलीला एका गाळ्यात छोटी डिस्टिलरी आहे, तिथे रविवारी जिन बनवायला शिकवतात. "तू लिंबू सरबत बनव हां," म्हणत त्यांनी मलाही ओढून नेलं. आत टेबलांवर तांब्याची छोटी भांडी मांडलेली. धणे, संत्र्याची साल, जुनिपरची काळसर फळं. मालक म्हणाला, "आता आमचे सर शिकवतील. सहा वर्षं झाली, यांच्या नाकाशिवाय आपली एक पण बॅच बाहेर जात नाय."

पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या... इनास सर.

मला बघून ते क्षणभर अडखळले, मग शिकवू लागले, अगदी वर्गात शिकवायचे तसेच. पहिली धार फेकायची. थेंब तळहातावर चोळायचा, हुंगायचा. नेलपॉलिशसारखा वास येतोय तोवर थांबायचं, तो गेला की मगच जिन बाटलीत धरायची. आमच्या टेबलापाशी आल्यावर त्यांनी माझ्या हातावर थेंब सोडला. तिसऱ्या थेंबाला मी म्हणालो, "आता, सर." त्यांनी हुंगून पाहिलं. "बरोबर," म्हणाले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

चहाच्या वेळी मी त्यांना बाहेर गाठलं.

"सर, मग मला का अडवलंत?"

"तुझ्या बापाला रस्त्यावरून उचलून आणलंय मी, दोनदा. तुझं भय वाटलं रे."

"पण मी शपथ घेतली होती. तुमच्यासमोर."

सर चष्मा पुसत राहिले. "शपथ तुझा बापही घ्यायचा की. दर श्रावणात."

मी माझी बाटली तिथेच टाकून निघालो. मित्र हाका मारत होते. सरांनी मारली नाही. ती आमची शेवटची भेट. चार दिवसांनी मी त्यांना पत्र पाठवलं. ते गेल्यावर मेलिटाला ते उघडलेलं सापडलं. उत्तर लिहिलेलं नव्हतं. तिने ते मला परत दिलं. तेच इथे देतो.

"आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

तुम्ही मला दारूपासून वाचवलंत असं आई सगळ्यांना सांगते. मी तर कधी प्यायलोच नव्हतो. वर्षानुवर्षं तुम्ही माझ्या वह्या तपासल्यात, माझी एकेक चूक तुम्हाला पाठ होती, आणि तरी माझ्याकडे पाहताना तुम्हाला बाबाच दिसले. हे मला त्याच वेळी सांगायला हवं होतंत. मी भांडलो असतो, कदाचित गेलोही असतो.

राग तुम्ही तिथे काम करता याचा नाही. उद्या तुम्ही म्हणालात, आत्ताची नोकरीही सोड, तर मी कारण न विचारता सोडेन, हे मला माहीत आहे. राग त्याचा आहे.

आपला विद्यार्थी,
दिनेश"