न कापलेली पानं

गिल्बर्ट स्कर्म मालकांसाठी मी एकतीस वर्षं कपाटं केली. वाय नदीच्या खोऱ्यात माझ्याइतका सरळ खण कुणी बसवत नसे, म्हणून त्यांनी दुसरा सुतार कधी दारात उभा केला नाही. त्यांच्या वडिलांनी वूस्टरला हातमोज्यांचा कारखाना काढून पैसा केला आणि मुलानं तो चित्रांत आणि पुस्तकांत घातला. चित्रांवर हिरवे पडदे असत. वर्षातून चारदा ते सरकायचे, मालक बघत उभे राहायचे, की पुन्हा बंद.

"विहिरीच्या काठावर तहानलेला बसलेला माणूस आहे हा," घरच्या कारभारीण ट्रॅन्टरबाई म्हणायच्या.

ते अगदी खरं नव्हतं. मालक वाचत. पण जे पुस्तक त्यांना फार आवडे, त्याला मात्र हात लावत नसत.

आमच्याकडे तेव्हा पुस्तकं कडा न कापताच मिळत. छापलेल्या कागदाची घडी तशीच शिवलेली असे. वाचणाऱ्यानं हस्तिदंती सुरीनं एकेक घडी कापायची आणि पुढे जायचं. मालकांसारख्या संग्राहकांना मात्र एकही घडी न कापलेली प्रत म्हणजे जीव की प्राण. तिला सुरी लावणं त्यांच्या लेखी पापच.

त्यांची थोरली बहीण हेस्टरबाई. आई गेली तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आणि मालक पाच वर्षांचे. त्यांनी लग्न केलं नाही, भावाचं घर सांभाळलं. पन्नाशीनंतर त्यांनी खोऱ्यातल्या जुन्या सफरचंदाच्या बागांवर आणि तिथल्या माणसांवर लिहायला घेतलं. सहा वर्षं लागली. हेरफर्डच्या छापखान्यातून दोनशे प्रती आल्या आणि पहिली त्यांनी भावाच्या हातात ठेवली.

मालकांनी ती दोन्ही हातांनी घेतली. मला बोलावून नाशपातीच्या लाकडाची पेटी करायला सांगितली, आत निळी मखमल. ती पेटी त्यांनी आपल्या सगळ्यांत मोलाच्या दोन ग्रंथांच्या मधोमध ठेवली.

आठवड्यानं मी जेवणघराच्या दाराची बिजागरी बसवत होतो, तेव्हा चहा घेणाऱ्या मालकांना बाईंनी विचारलं, "वाचलंस का रे?"

"अगं, त्याला मी सुरी लावेन होय? तशी प्रत पुन्हा मिळायची नाही."

"बरं," म्हणाल्या आणि त्यांच्या कपात चहा ओतला.

मलाही त्यांनी एक प्रत दिली होती. मी ती रंध्याच्या पात्यानं कापली, पंधरा दिवसांत संपवली आणि ओसरीत त्यांना गाठून सांगितलं, "पिंपं करणारा तो म्हातारा तुम्ही जसाच्या तसा उभा केलात, बाईसाहेब. त्याचा खोकलासुद्धा ऐकू येतो."

त्या पोरीसारख्या लाजल्या. मग हळूच म्हणाल्या, "एनॉक, वरच्या पेटीतल्या घड्या तशाच आहेत ना?"

त्याच सकाळी मी ते कपाट तेल लावून पुसलं होतं. "तशाच आहेत."

"खोटं बोलता येत नाही का रे तुला?" त्या हसल्या, पण नजर बाहेर बागेकडे गेली.

असे तीन हिवाळे गेले. चौथ्यात बाई अंथरुणाला खिळल्या. हृदय दमलंय, बहर काही त्यांना दिसायचा नाही, असं डॉक्टर सांगून गेले. पलंगाची उशाकडची बाजू उंच करायला मी गेलो होतो. माझी हातोडी थांबली तेव्हा त्या म्हणाल्या, "मला आता फार काही नको. त्यानं वाचून सांगावं, चांगलं की वाईट. वाईट म्हणाला तरी चालेल."

मी हत्यारं तिथंच टाकली आणि टोपी हातात घेऊन मालकांसमोर उभा राहिलो. "मालक, माझी प्रत घ्या. डिंकाचे डाग आहेत, पण अक्षरं तीच आहेत."

"माझ्या बहिणीचं पुस्तक मी तुझ्या उष्ट्या प्रतीतून वाचू?" ते भडकले. मग खुर्चीत बसले. "लंडनला लिलाव आहे. एक लहानसं चित्र, वीस वर्षं त्याच्या मागावर आहे मी. गुरुवारी परत येतो. तिच्या उशाशी बसून, तिच्यासमोर कापेन. जा, सांग तिला."

मी सांगितलं. बाईंनी मंगळवारी हस्तिदंती सुरी मागवून उशाजवळच्या मेजावर ठेवली. बुधवारी दुपारी त्या गेल्या.

गुरुवारी मालक गोणपाटात गुंडाळलेलं चित्र काखेत घेऊन गाडीतून उतरले. दारात ट्रॅन्टरबाई काळ्या कपड्यांत उभ्या होत्या.

"मालक, उशीर केलात हो," एवढंच त्या म्हणाल्या.

चित्र दिवाणखान्यात गोणपाटासकट भिंतीला टेकून राहिलं.

दफन झाल्यावर मला बोलावणं आलं. ओलीनं पेटीचं झाकण फुगलं होतं, उघडत नव्हतं. मी ते सोडवलं. मालकांनी सुरी घातली. पानावर अंगठ्याचा ठसा उठला म्हणून ज्यांनी एका बांधणीकाराला काढून टाकलं होतं, त्यांच्या हातून तिसरी घडी आडवी फाटली. ते थांबले नाहीत. खिडकीशी उभ्या उभ्या कापत गेले, वाचत गेले.

चौथ्या दिवशी सकाळी ते माझ्या कारखान्यात आले. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच.

"एनॉक, तिनं चुकीचं लिहिलंय. मी लहानपणी सफरचंदाच्या झाडावर अडकलो होतो. ती लिहिते, शिडी आणून उतरवलं. शिडी नव्हती रे. ती खाली उभी राहिली आणि म्हणाली, माझ्या खांद्यावर पाय ठेव. माझ्या बुटाचा खिळा तिला लागला होता, रक्त आलं होतं. मग शिडी का लिहिलं?"

"मला कसं ठाऊक, मालक? मी जन्मलोही नव्हतो तेव्हा."

"तुझ्या प्रतीत बघ."

मी फळीवरून प्रत काढली, भुसा झटकला आणि पान दाखवलं. "शिडीच आहे."

ते माझ्या बाकावर बसले. माझी डागाळलेली प्रत मांडीवर घेऊन ओळीखाली बोट धरून त्यांनी ते पान पुन्हा वाचलं. मग पान उलटलं आणि पुढचं वाचू लागले. खरखर नको म्हणून मी रंधा बाजूला ठेवला.