फुजैराच्या चरात

लग्नाआधी मी पुण्यात पुरातत्त्व शिकले होते. दुबईत, ऊद मेथाच्या फ्लॅटमध्ये, त्याचा काही उपयोग होईल असं वाटत नव्हतं. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी फुजैराजवळ डोंगराच्या पायथ्याशी व्हिलांची वसाहत व्हायची होती आणि बांधकामाआधी त्या जमिनीखाली जुनी वस्ती आहे का, हे तपासायचं काम एका छोट्या परदेशी तुकडीकडे आलं. मातीचे थर ओळखून त्यांची चित्रं काढणारं कुणीतरी त्यांना हवं होतं. मी गेले. आठवडाभर तिकडे राहायचं, सुट्टीला घरी. मुलगी पहिलीत होती, तिचं सगळं नवरा बघायचा.

शॉवेल मशीन लांब, अरुंद चर खणायचं. मग आम्ही आत उतरून त्याच्या भिंती थापीने साफ करायचो. जिथे माणसं राहिलेली असतात तिथली माती वेगळी दिसते. राखेचा काळा पट्टा, शिंपल्यांचा खच, झोपडीचे खांब जिथे रोवले होते तिथे गोल डाग. आमची प्रमुख पन्नाशी ओलांडलेली जर्मन बाई होती. कंबरेपेक्षा खोल चरात कुणी उतरायचं नाही, हा तिचा नियम.

त्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा कंत्राटदाराच्या सुपरवायझरने एका चराचं टोक परस्पर खोल करून घेतलं होतं. उकरलेली माती लांब न टाकता काठावरच रचली होती. "मॅडम, टाइम किधर है, यल्ला, जल्दी करो," तो म्हणाला. बाई त्याच्यावर चिडल्या. खोल टोकाकडे कुणालाही जाऊ देऊ नका म्हणाल्या आणि मला उथळ बाजूला काम दिलं. त्या बाजूला एक सुंदर काळा पट्टा निघाला होता. मी गुडघ्यांवर बसून तो साफ करत होते.

आवाज फार झाला नाही. पाठीमागे कुणीतरी भरलेलं पोतं टाकावं तसा झाला. खोल टोक ढासळलं आणि त्याच्याबरोबर माझ्या पाठीमागची भिंतही आली. मी समोरच्या भिंतीवर दाबली गेले. छातीपर्यंत खडेमिश्रित माती, एक हात आत, एक बाहेर. ओरडायला गेले तर आवाज निघेना. श्वास सोडला की माती तेवढी आत सरकायची आणि पुढचा श्वास आधीपेक्षा लहान व्हायचा. हे लक्षात आलं तेव्हा मी श्वास सोडायलाच घाबरू लागले.

शॉवेल चालवणारा पेशावरकडचा पठाण होता, मला बाजी, म्हणजे ताई, म्हणायचा. त्याने घाईने इंजिन सुरू केलं, तसे माझ्या डोक्यावरून बारीक खडे घरंगळायला लागले. मला वर बकेटचे लोखंडी दात दिसले. बाई किंचाळल्या, "बंद करा." इंजिन थांबलं. मग पावलांचे आवाज माझ्यापासून दूर जायला लागले.

मला वाटलं, सोडून चाललेत.

तेवढ्यात पठाण काठावर पालथा पडून खाली डोकावला. "बाजी, हिलना नहीं. पहले ऊपर का वज़न हटाएगा, फिर आपको निकालेगा. किनारे में दरार है." दरार हा शब्द त्याने हळू उच्चारला. मी नजर वर केली. काठावर रचलेल्या ढिगाच्या खाली, माझ्या अगदी माथ्यावर, मातीत हात जाईल एवढी फट होती. सगळेजण फावडी टाकून हातांनी तो ढीग मागे ओढत होते.

"आप बात करते रहो," तो म्हणाला. "घर में कौन है?"

मी सांगायला लागले. नवरा, मुलगी, मुलीची शाळा, ती डब्यातली भाजी परत आणते ते. बऱ्याच वेळाने कळलं की मी मराठीत बोलतेय. तो एकेक ओंजळ माती मागे टाकत म्हणत होता, "हाँ, हाँ. फिर?"

माझ्या नाकासमोर तो काळा पट्टा होता. कुणाची तरी चूल. एरवी मी तिच्याकडे तासन्‌तास बघितलं असतं. तेव्हा मला त्या माणसांबद्दल काहीही वाटलं नाही. फक्त हवा हवी होती.

शेवटी त्यांनी दोन्ही भिंतींमध्ये फळ्या अडकवल्या, दोघं खाली उतरले आणि हातांनी मला उकरून काढलं. पाय बधिर झाले होते, मला उचलूनच वर घेतलं. मी गाडीला टेकून पाणी पीत असताना फळ्या कडकन मोडल्या आणि उरलेला काठ आत गेला. तेव्हा मला उलटी झाली.

बरगड्यांना मार लागला होता, मोडल्या नव्हत्या. नवरा म्हणाला, "खलास. आता जायचं नाही." मुलीने माझी काळीनिळी बरगडी बघून विचारलं, "मम्मा, डिड यू क्राय?" मी हो म्हटलं. पुढे कित्येक महिने मला अंगावर जाड पांघरूण सहन होत नव्हतं. लिफ्टचं दार बंद झालं की मी श्वास मोजायला लागायचे.

तरी मी परत गेले. नवऱ्याशी वाद झाला, पण घरी बसून ती फट सारखी दिसायची. सुपरवायझर बदलला होता. चर आता पायऱ्यापायऱ्यांनी रुंद कापले होते, फळ्यांचे टेकू लावलेले. मी काठावर उभी राहिले आणि खाली उतरवेना. बाई म्हणाल्या, "वरून काढ. मापं आम्ही देतो." मी वरून चित्रं काढली. झोपड्यांच्या खांबांचे डाग वर्तुळात निघाले, मग आणखी एक वर्तुळ. लहानसं गाव होतं ते. तेवढा तुकडा कुंपण घालून राखायचं ठरलं, बाकीच्या जागेवर व्हिला उभ्या राहिल्या.

काम संपायच्या सुमारास एकदा मी खाली उतरले. कुणी सांगितलं नव्हतं. चुलीजवळ बसले, चार रेघा मारल्या, काठाकडे बघितलं आणि पेन्सिल ठेवून वर आले. बाईंनी थर्मासमधला चहा दिला.

"तुम्हाला नाही भीती वाटत?" मी विचारलं.

"रोज," त्या म्हणाल्या, आणि मापपट्टी गुंडाळायला लागल्या.