यंत्रात भरलेला प्रश्न

आमच्या घरात कुणी कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नसे, आणि त्यात मी सगळ्यांच्या पुढे. मला मुळात धीरच नाही. समोरचा काय म्हणणार ते कळलं की उरलेलं ऐकायचं कशाला, असा माझा खाक्या.

नव्वदच्या आसपास बाबांच्या एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीला टाळं लागलं. तरी बाबा रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून घरातच बसायचे. "मला वाटतं, कंपनी आता..." एवढं त्यांनी म्हटलं की आई म्हणायची, "उघडेल हो, आज ना उद्या." मीही तेच म्हणायचे. बाबा गप्प. त्यांचं ते गप्प बसणं मला सहन होत नसे. मी उगाच गॅलरीत जायचे, परत यायचे, भांडी आपटायचे.

तेव्हा मी डोंबिवलीतच एका कॉम्प्युटर क्लासला जात होते. यंत्राशी मराठीत बोलायचं, हे एकच खूळ डोक्यात. पडद्यावर देवनागरी उमटत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांतलं मराठी. क्लासच्या सरांनी युक्ती सांगितली: यंत्राला अर्थ कळायची गरजच नाही. वाक्यात ओळखीचा शब्द सापडला की त्याला जोडलेला प्रश्न पडद्यावर टाकायचा. 'आई' सापडली तर 'घरी आणखी कोण असतं?' 'नाही' सापडलं तर 'असं का वाटतं?' काहीच सापडलं नाही तर 'पुढे सांगा.' मूठभर वाक्यं, सगळी मीच भरलेली.

एका संध्याकाळी बाबा मला न्यायला आले. सरांनी हौसेनं त्यांना खुर्चीत बसवलं. "बोला काका, तुमच्या मुलीनं शिकवलंय त्याला."

बाबांनी एका बोटानं अक्षरं शोधत लिहिलं: कंपनी उघडणार नाही.

असं का वाटतं?

बाबा खुर्ची ओढून पुढे सरकले. त्यांनी लिहिलं: मालकांनी मशिनं हलवली.

पुढे सांगा.

घरी सांगवत नाही.

असं का वाटतं?

बाबांचं बोट थांबलं. माझी वाक्यं संपली होती. आता तेच तेच येणार, आणि पलीकडे कुणीच नाही हे बाबांना सरांसमोर कळणार. मी त्यांना हात धरून उठवलंच. "चला बाबा, उशीर होतोय."

रस्त्यात मी घाईघाईनं म्हणाले, "त्याला काही समजत नाही हं बाबा. नुसते शब्द हुडकतं ते."

"कळलं गं मला. दुसऱ्यांदा तेच विचारलं तेव्हाच कळलं." थोडं चालून झाल्यावर म्हणाले, "पण ते 'उघडेल' असं म्हणत नाही."

"अहो बाबा, उघ..." सवयीनं आलंच तोंडात. तिथेच अडले. मला रडू यायला लागलं.

रेल्वेचं फाटक बंद होतं. गर्दीत आम्ही उभे राहिलो. यंत्रात भरलेला प्रश्न मी स्वतः बाबांना एकदाही विचारला नव्हता.

"असं का वाटतं, बाबा?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि सांगायला लागले. मालगाडी गेली, फाटक उघडलं, मागची माणसं आम्हाला ढकलून पुढे झाली. बाबा बोलतच होते. माझे पाय जागच्या जागी चुळबुळत होते, पण तोंड मी घट्ट मिटून ठेवलं.